चोपड्याचा कायदा आणि शिंदखेड्याची पद्धत

नीती सापेक्ष असते, हा सिद्धांत आमच्या खानदेशाला विद्यापीठांनी शिकवला नाही, तो एस.टी.नं शिकवला. बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धं तिकीट, हा नियम. त्यामुळे जळगाव-धुळे रस्त्यावर मिसरूड फुटलेली कितीतरी बाळं आईला खेटून बसलेली आणि वर्षानुवर्षं अकरा वर्षांचीच राहिलेली मी पाहिली आहेत. पुढे २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि तीच बाळं आता एकाहत्तराव्या वर्षीच पंचाहत्तरीकडे झेप घेऊ लागली. आधार कार्ड मध्ये आडवं येतं म्हणून, नाहीतर आइन्स्टाइनला जमलं नसेल इतकं वय आम्ही ताणून दाखवलं असतं. आणि गंमत म्हणजे या मंडळींपैकी एकालाही आपण खोटं बोलतो असं वाटत नसतं. "सगळेच तसं सांगतात हो!" एवढं म्हटलं की झालं.

"सगळेच तसं करतात" या वाक्याला शिकल्यासवरल्या लोकांत फार भारदस्त नाव आहे, हे मला आमच्या भाच्यानं सांगितलं.

भाचेबुवा पुण्याला तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करताहेत. इतका निरुपद्रवी विषय आमच्या घराण्यात आजवर कोणी घेतला नव्हता. यंदा आखाजीच्या आधी चार दिवस ते जळगावला आले. पारा चव्वेचाळीसला टेकलेला. अशा दिवसांत जळगावात कोणी तत्त्वज्ञान बोलत नाही. लोक माठ, कूलर आणि लोडशेडिंग एवढ्याच विषयांवर बोलतात, तेही सकाळी अकरापर्यंत. पण भाचा बोलला.

"मामा, चांगलं आणि वाईट असं मुळात काही नसतंच. असतात त्या पद्धती. समाज बदलला की नीती बदलली. यांचं पुण्य ते त्यांचं पाप. बस्स."

पुराव्यादाखल त्यानं हिरोडोटसची गोष्ट सांगितली. इराणच्या दरायस बादशहानं दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, काय घेतलंत तर मेलेल्या वडिलांना खाल? ग्रीक हादरले, ते वडिलांना जाळत. मग त्यानं हिंदुस्थानाकडच्या एका जमातीला बोलावलं. त्यांच्यात वडिलांना खाण्याची रीत होती. त्यांना विचारलं, काय घेतलंत तर वडिलांना जाळाल? तेही तितकेच हादरले. असलं अभद्र तोंडातून काढू नका, म्हणाले. गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची.

आमची ही तेव्हा भाजलेली वांगी सोलत होती. ती म्हणाली, "त्याच्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? पुण्याचे लोक भरतात टमाटा घालतात."

भाच्याचा चेहरा उजळला. मामीला विषय समजला होता. खानदेशात भरीत म्हणजे काटक्यांच्या आगीवर भाजलेली हिरवट पांढरी वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि वरून तेल. सोबत कळण्याची भाकरी. त्यात टोमॅटो घालणाऱ्याला आमच्याकडे शिक्षा नाही, पण त्याच्या घरी मुलगी देताना माणूस विचार करतो. तरीसुद्धा पुण्यातला माणूस टोमॅटो घालून सुखानं जेवतो आणि त्याला रात्री झोप लागते. तेव्हा भरताच्या बाबतीत भाचा म्हणतो ते खरंच होतं.

तेवढ्यात धुळ्याहून आप्पाचा फोन आला.

आप्पा म्हणजे आमच्या हिचे थोरले बंधू. राहायला धुळ्यात देवपूरला, आणि वडिलोपार्जित शेती शिंदखेडे तालुक्यात. "पाहुणे," आप्पा म्हणाला, "सोमवारी तालुक्याला या. हिला घेऊन या. अक्कालाही पारोळ्याहून उचला. दोघी बहिणींच्या सह्या उरकून टाकू. हक्कसोड पत्र तयारच आहे. बहिणींनी हक्क सोडायचा, भावानं साडीचोळी करायची, आखाजी-दिवाळीला माहेर उघडं. पद्धतच आहे आपल्याकडे."

आता आखाजीला सासुरवाशिणीनं माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, गौराईची गाणी म्हणायची, सांजोऱ्या आणि आमरस खायचा, ही पद्धत मला ठाऊक होती. त्या ताटात हक्कसोड पत्र कोणत्या बाजूला वाढतात ते मात्र ठाऊक नव्हतं. पण नरडाण्याला औद्योगिक वसाहत झाली आणि त्या भागातल्या कोरडवाहू जमिनीकडेही लोक वळून पाहू लागले, तेव्हापासून बऱ्याच घरांतल्या पद्धतींना अशी घाई सुटली आहे.

भाचा खूश झाला. "बघा मामा! कायदा एक सांगतो, समाजाची नीती दुसरंच सांगते. त्यांच्या चौकटीत ते बरोबरच आहेत."

"आणि चोपड्याच्या चौकटीत?" हिनं विचारलं.

इथे थोडा खुलासा करायला हवा. आप्पाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माहेरच्या चोपड्याच्या. तिकडे तापीकाठची काळी जमीन, केळीची बागायत. वहिनींच्या भावांनीही वहिनींपुढे असाच कागद ठेवला होता. तेव्हा आप्पानं जळगावचा वकील गाठला होता. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मानं मिळतो. २००५ साली वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, असं सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं आहे, हे सगळं आप्पाला तोंडपाठ होतं. मारुतिस्तोत्र म्हणावं तसं तो ते म्हणे. तारखा अचूक. महाराष्ट्रानं तर १९९४ सालीच अविवाहित मुलींना हा हक्क दिला होता, हेही तो वर सांगे आणि खानदेशातले लोक किती मागासलेले आहेत म्हणून हळहळे. हळहळताना त्याचा रोख तापीच्या उत्तरेला असे. म्हणजे चोपड्याला कायदा आणि शिंदखेड्याला पद्धत. बागायतीला कायदा लागतो आणि कोरडवाहूला पद्धत लागते, असं काही शेतकी खात्याचं परिपत्रक आहे की काय कोण जाणे.

"तुम्ही काही बोलू नका," हिनं मला बजावलं. "तुम्ही जावई. तुमचं बोलणं हावरटपणाचं दिसेल." ते बरोबरच होतं. शिवाय या परीक्षेला मी कधी बसलेलोच नाही. आमच्या वडिलांनी मागे ठेवलं ते एक भिंतीवरचं घड्याळ आणि पेन्शनचं पुस्तक. घड्याळ बहिणीनं नेलं, पेन्शन सरकारनं. ज्याच्याकडे वाटायला काही नाही, त्याला न्यायी असणं फार स्वस्तात पडतं.

"तुला जमीन हवी आहे का?" मी विचारलं.

"मला नको हो. काय करू घेऊन? पण नको असं मी म्हणायचं असतं. त्यानं नाही."

शनिवारी ही भाच्याला घेऊन सराफाकडे गेली. पाटल्यांची डागडुजी करायची होती. जळगावच्या सोन्याचं नाव सगळीकडे आहे, आणि तिथे आता क्ष-किरणांचं यंत्र आहे, २०२१ पासून हॉलमार्कही सक्तीचा झाला आहे. तरी आमच्या जुन्या सराफाच्या गल्ल्यात काळा कसोटीचा दगड अजून आहे. भाच्यानं कुतूहलानं विचारलं, तर त्यांनी त्याच्या बोटातली आंगठी काढून घेतली आणि दगडावर एक रेघ ओढली. "काय कळलं?" त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, "काहीच नाही." सराफ म्हणाले, "मलापण नाही कळलं. एका रेघेनं कोणालाच कळत नसतं, भो." मग त्यांनी कस ठाऊक असलेल्या सोन्याची एक काडी घेतली, शेजारी दुसरी रेघ ओढली, दोन्हींवर तेजाबाचा थेंब फिरवला. आंगठीची रेघ विटली. भाच्याचाही चेहरा थोडा विटला. आंगठी त्याच्या काकांनी दिली होती.

सोमवारचं काम, म्हणून आम्ही रविवारीच निघालो. नेहमीची वाट एरंडोलवरून, पण भाच्याला अमळनेर पाहायचं होतं, म्हणून धरणगावकडून गेलो. त्याचं हे तीर्थक्षेत्र. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. लोक गिरणीतून कापड काढतात. या गृहस्थांना त्यातून वेदान्त काढावासा वाटला. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा थोर बंगाली तत्त्वज्ञ इथे संचालक होता. साने गुरुजीही आधी इथेच शिकायला आले, आणि मग १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. छात्रालयातल्या पोरांची अंथरुणं आवरणारे मास्तर. तत्त्वज्ञान मंदिरातून निघून माणूस पोरांच्या अंथरुणांपर्यंत पोचतो, ही मला त्या संस्थेची मोठीच मिळकत वाटते. भाच्याला तितकीशी वाटली नाही.

त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केलं. विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडा, एवढीच मागणी. समोरून उत्तर काय आलं? पद्धत. शेकडो वर्षांची पद्धत. आणि भाच्याच्या हिशेबानं त्या चौकटीत ते उत्तर बिनचूकच होतं. "पण मला एक सांग," मी गाडीत त्याला म्हटलं, "ही पद्धत सांगत कोण होतं? दाराच्या आतले. चोखोबाच्या पायरीशी थांबलेल्यांना कोणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमचीही हीच पद्धत आहे ना? तुझ्या त्या हिरोडोटसच्या गोष्टीत जाळणारे राजी, खाणारे राजी. मेलेल्या वडिलांचीही तक्रार नसावी. इथे अर्धा गाव दाराबाहेर उभा." दहा-अकरा दिवसांत दार उघडायचं ठरलं. विठ्ठल काही बाटला नाही.

भाचा म्हणाला, "हा युक्तिवाद भावनिक आहे." मी म्हटलं, असेल. पारोळ्याला अक्का गाडीत बसल्या आणि वाद थांबला. अक्का म्हणजे हिची थोरली बहीण, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांच्यासमोर अजून कोणी मोठ्यानं बोलत नाही.

धुळ्याला भाच्यानं राजवाडे संशोधन मंडळ पाहिलं आणि त्याला पुन्हा बळ आलं. राजवाड्यांनी जन्मभर गावोगाव हिंडून, बासनं उपसून कागद जमवले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी या धुळ्यातच देह ठेवला. त्यांचा 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' हा लग्नाच्या नीतीबद्दल ज्यांना फार खात्री आहे अशांनी झोपण्यापूर्वी वाचू नये. आज ज्याला अनाचार म्हणतो ते एके काळी रीतसर कसं होतं, हे त्यांनी जुन्याच ग्रंथांतून दाखवलं, आणि त्यावर व्हायचा तो गदारोळ झाला. "मामा, राजवाडे आमच्या बाजूचे!" भाचा म्हणाला. मला ते पटलं नाही. चालीरीती बदलतात हे राजवाड्यांनी दाखवलं, पण बनावट कागद पुढे आला तर "ज्याच्या त्याच्या चौकटीत तोही अस्सलच" असं म्हणणारा तो माणूस नव्हता. असं म्हणणाऱ्याला त्यांनी पायऱ्यांवरून खाली पोचवला असता.

रात्री आप्पाकडे जेवायला शेवभाजी होती आणि आप्पा रंगात होता. भाच्याचा सिद्धांत त्याला अतिशय आवडला. "म्हणजे तुमची पद्धत ती तुमची नीती. वा! हेच मी म्हणतो. शिकलेली पोरं अशी पाहिजेत."

भाच्याला उत्साह आवरला नाही. "आता तुमच्याकडचं चिमठाणं घ्या ना. तिथे १९४४ साली जे झालं, त्याला आपण क्रांती म्हणतो, इंग्रज दरोडा म्हणत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर."

आप्पानं भाकरी खाली ठेवली. चिमठाणे त्याच्या शेताकडच्याच भागात. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथे डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याकडून आलेल्या प्रतिसरकारच्या साथीदारांनी सरकारी खजिना लुटला होता, सुमारे साडेपाच लाखांचा. लहानपणापासून त्या गोष्टी ऐकत आप्पा वाढलेला.

"दरोडा?" आप्पा गरजला. "आपापल्या जागी बरोबर? अरे, दरोडेखोर स्वतःच्या घरी पैसे नेतो! त्या लोकांनी पै घरी नेली नाही. जिवावर उदार होऊन गेले ते. सगळा पैसा चळवळीला. ज्याचा होता त्याच्याकडे परत गेला म्हण. हे काय मताचं आहे? हे सत्य आहे!"

"म्हणजे पैसा कोणाच्या घरात जातो, यावर ठरतं?" अक्कांनी शांतपणे विचारलं.

"अर्थात!" आप्पा म्हणाला. वहिनी वाढता वाढता थबकल्या. आप्पाला काही जाणवलं नाही.

मग धुळ्याचा विषय निघालाच होता म्हणून मी तुरुंगाची गोष्ट काढली. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, ओळीनं अठरा रविवार विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. चोरी-मारामारीसाठी बांधलेल्या भिंतींच्या आत, करावं काय आणि करू नये काय या प्रश्नाची इतकी स्वच्छ चर्चा बाहेरच्या धुळ्यात त्या वर्षी झाली असेल असं वाटत नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी अर्जुनाची वकिली मोडून काढली. हा माणूस युद्धाविरुद्ध झालेला नाही, आजवर त्यानं कितीतरी लढाया मारल्या. आज समोर सोयरे दिसले म्हणून त्याला तत्त्वज्ञान सुचतंय. आणि त्यावर त्यांनी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली. शेकडो गुन्हेगारांना त्यानं फाशी दिलेली. एके दिवशी त्याचा स्वतःचाच मुलगा खुनाच्या आरोपावरून समोर उभा राहिला. मग न्यायाधीश म्हणू लागला की फाशी ही फार अमानुष शिक्षा आहे, माणसाला ती शोभत नाही, तिनं सुधारण्याची आशाच संपते. मुद्दे एकेक लाखमोलाचे. पण मुलगा समोर येईपर्यंत ते सुचले नव्हते.

आप्पा तल्लीन होऊन ऐकत होता. त्यानं मांडीवर थाप मारली. "वा! काय माणूस होता! अगदी असेच असतात लोक. जगाला एक न्याय, घरच्याला एक. आता आमच्या चोपड्याच्या मेहुण्यांचंच बघा ना—"

आमच्या हिला ठसका लागला. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्या घाईघाईनं स्वयंपाकघरात गेल्या. भाचा माझ्याकडे बघत होता. त्या दिवसांत तो प्रथमच काही बोलला नाही.

सोमवारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो. पंखा फिरत होता, हवा फिरत नव्हती. आमचा नंबर आला. कारकुनानं कॅमेरा नीट केला, अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं, कागद टेबलावर मांडला आणि म्हणाला, "थोरल्या ताई आधी."

अक्का उठल्या. चष्मा लावून त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, वहीतलं शुद्धलेखन तपासावं तसा. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, ती कारकुनाला दाखवली. मग आप्पाकडे वळल्या. चाळीस वर्षं वर्गात प्रमाण मराठी बोललेली बाई, पण भावाशी बोलताना त्यांच्या तोंडी घरची अहिराणीच आली.

"भाऊ, आधी वहिनीना चोपडाना कागद लई ये. तिनी सही व्हयनी का मंग मी करस. दोन्ही कागद शेजारी ठेव."

"अक्का, ते येगळं शे!" आप्पा म्हणाला.

"काय येगळं शे, ते या सायबले समजाडी सांग."

आप्पानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आप्पानं तोंड उघडलं, बहुधा सप्टेंबर २००५ पासून सुरुवात करणार होता, आणि मिटलं. वहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या. एवढी वर्षं मी त्यांना ओळखतो. त्यांना मोठ्यानं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कारकुनानं पुढचा नंबर पुकारला.

परतीच्या वाटेवर आमची ही बराच वेळ गप्प होती. जमिनीची तिला कधीच पर्वा नव्हती. आता माहेर बंद होतं की काय, याची धास्ती होती. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे भावाचं दार, आणि ते दार लावून घ्यायला कोणताही कागद लागत नाही, नोंदणीही लागत नाही. पारोळ्याला उतरताना अक्का एवढंच म्हणाल्या, "बघू." त्यांचाही आवाज कचेरीत होता तसा नव्हता.

आखाजीच्या सकाळी आठ वाजता फोन वाजला. वहिनी होत्या. आंबे उतरवून ठेवलेत, रस काढायला दोघी नणंदा हव्यात, गाडी काढा म्हणाल्या. हिनं चाचरत विचारलं, "दादा कुठे आहे?" वहिनी म्हणाल्या, "अंघोळीला गेलेत." आम्ही दुपारी अकराला पोचलो तेव्हाही आप्पा अंघोळच करत होता.